हेअरकट: आधी केस बघा, मग चेहरा, फोटो सगळ्यात शेवटी

खुर्चीत बसायचं, मोबाइल पुढे करायचा आणि "असा करा" म्हणायचं. बहुतेकांचा हेअरकट इथेच बिघडतो, कात्री चालायच्या आधी. फोटोतला कट चांगला असतो, कापणारा नवखा नसतो, सलूनमधून बाहेर पडताना केसही झकास दिसतात. मग घरी दोन दिवसांनी डोकं धुतलं की तो कट कुठे गेला ते कळत नाही.

"गोल चेहऱ्याला अमुक, लांब चेहऱ्याला तमुक" असे तक्ते सगळ्यांनीच पाहिलेले असतात. ते अगदीच चूक नाहीत. पण चेहऱ्याशी तडजोड करता येते. भांग दोन बोटं सरकवला, एक बट पुढे सोडली की भागतं. केसांच्या जातीशी अशी तडजोड होत नाही. सरळ, विरळ केसांतून कुरळ्या केसांचा फुलोरा कापून काढता येत नाही. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. घाई असेल तर चेहऱ्याचं मोजमाप पटकन उरका, पहिले दोन टप्पे मात्र गाळू नका.

टप्पा १: आपले केस ओळखा

कटिंगला जायच्या चार-पाच दिवस आधी हे करा. डोकं शॅम्पूने धुवा. कंडिशनर, सीरम, तेल काही लावू नका. टॉवेलने रगडू नका, नुसतं टिपून घ्या आणि केस पंख्याच्या वाऱ्यावर आपोआप वाळू द्या. मध्ये कंगवा फिरवू नका. पूर्ण वाळल्यावर जे दिसेल ते तुमचे खरे केस. वर्षानुवर्षं तेल लावून वेणी घालणाऱ्या कित्येकींना आपले केस नागमोडी आहेत हे या दिवशी पहिल्यांदा समजतं.

आता चार गोष्टी बघायच्या.

*वळण.* केस सरळ आहेत, नागमोडी आहेत की कुरळे? एक बट धरून खाली पूर्ण ताणा आणि ती कुठवर पोचते ते बघा. मग सोडा. ताणल्यावर खांद्यापर्यंत येणारी बट सोडल्यावर हनुवटीपाशी जात असेल, तर तुमच्या केसांत तेवढी 'उडी' आहे. ओले केस आणखी ताणले जातात, म्हणून ओल्या केसांवर ठरवलेली लांबी वाळल्यावर नेहमी कमी भरते. सरळ केसांत हा फरक किरकोळ असतो. कुरळ्या केसांत तो चार-पाच बोटांचाही होतो, आणि "एवढे कापायला सांगितलेच नव्हते" या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

*एका केसाची जाडी.* एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच फिरवा. हाताला जवळजवळ लागतच नसेल तर केस बारीक आहे. स्पष्ट जाणवत असेल, तारेसारखा लागत असेल तर राठ.

*दाटपणा.* म्हणजे डोक्यावर केस किती आहेत. केस लांब असतील तर रबर लावून पोनीटेल बांधा आणि तिचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. ५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर विरळ, ५ ते १० मध्यम, त्याहून जास्त असेल तर दाट. केस आखूड असतील तर ट्यूबलाइटखाली उभे राहा. भांग न पाडताही टाळू दिसत असेल तर केस विरळ आहेत.

*भोवरे.* केस ओले करून सगळे मागे फिरवा, मग पुढे ढकला आणि डोकं झटका. केस जिथे आपणहून फाटतात किंवा उभे राहतात तिथे भोवरा असतो. डोक्याच्या मागे वर एक तरी असतोच. काहींना कपाळाच्या कडेला असतो, काहींना मानेवर. तो कुठे आहे ते लक्षात ठेवा, कापणाऱ्याला सांगायचं आहे.

एक गोंधळ जवळपास सगळेच करतात. "माझे केस पातळ आहेत" या एका वाक्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलतो. केस बारीक पण भरपूर असू शकतात, आणि राठ पण विरळही असू शकतात. दोघांचा कट वेगळा. बारीक पण दाट केसांना लेयर्स (वेगवेगळ्या लांबीचे थर) छान बसतात. विरळ केसांना भरपूर लेयर्स दिले की खालच्या टोकाला चार शेपट्या उरतात. विरळ केस एका रेषेत, सरळ बोथट कापले तर टोकाशी जाडी दिसते आणि केस जास्त असल्यासारखे वाटतात. राठ आणि दाट केसांचं उलटं. ते एका लांबीत, त्यातही खांद्याच्या वर कापले तर दोन्ही बाजूंना तंबूसारखे पसरतात. त्यांना आतून वजन कमी करणारे लांब लेयर्स हवेत.

पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो ते बघायची चाचणी सोडून द्या. केसावर जरा तेलकटपणा असला तरी निकाल बदलतो.

सावधान: गेल्या काही महिन्यांत टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं असेल, तर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. ही गळती बहुधा आपोआप थांबते, पण तोवर दाटपणाचं मोजमाप खरं नसतं. या काळात फक्त टोकं सारखी करा, मोठा बदल पुढे ढकला. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सगळ्यांचंच असतं. मात्र डोक्यावर नाण्याएवढं गोल टक्कल दिसलं तर सलूनच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ.

टप्पा २: आपला दिवस कसा जातो ते मोजा

फॅशनचा कट टिकतो की नाही हे चेहरा ठरवत नाही. ते ठरवतात सकाळची दहा मिनिटं. स्वतःला पुढचे प्रश्न विचारा, आणि उत्तरं आदर्श दिवसाची नको, मंगळवारची द्या.

सकाळी केसांसाठी किती वेळ आहे? घरात ब्लोअर आहे का आणि तो खरंच वापरला जातो का? पाचच मिनिटं असतील तर ब्लो ड्राय केल्याशिवाय न बसणारे सगळे कट आत्ताच बाद करा. समोरची पूर्ण बँग्ज (कपाळावर कापून सोडलेले केस), आत वळलेला बॉब (हनुवटीच्या आसपास एका रेषेत संपणारा कट), पुरुषांचा मागे वळवलेला उंच झुपका हे त्यात आले.

हेल्मेट घालता का? पुण्यात-नाशकात दुचाकीवर ऑफिस गाठणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. हेल्मेट वरचा फुगवटा दाबतं आणि कपाळावरचे केस घामाने चिकटवतं. वर उंची मागणारा कट हेल्मेटसमोर अर्धा तासही टिकत नाही. वरचे केस ३-४ सेंटिमीटर ठेवून बोटांनी विस्कटता येतील असा कट, किंवा पटकन पोनी बांधता येईल अशी लांबी, हे हेल्मेटवाल्यांचे पर्याय.

हवा कशी आहे? मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेतलं बाष्प केसांत शिरतं आणि ब्लो ड्रायने दिलेला आकार मोडतो. पाण्याने केसाच्या आतले तात्पुरते बंध सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर परत जातो. त्यामुळे नागमोडी केस असलेल्या ठाणेकर मुलीने सरळ केसांवरच शोभणारा काटकोनी बॉब मे महिन्यात केला, तर जूनमध्ये तो भलत्याच आकाराचा झालेला असतो. विदर्भ-मराठवाड्यात कोरडी हवा, आणि बऱ्याच ठिकाणी बोअरचं जड पाणी. त्यातले क्षार केसांवर बसतात आणि केस राठ, निस्तेज वाटतात. तिथे वस्तऱ्याने टोकं तासणारे कट टाळलेले बरे, कारण तासलेली टोकं लवकर फाटतात.

केस बांधावे लागतात का? स्वयंपाकघरात, दवाखान्यात, कारखान्यात, शाळेत काम करणाऱ्यांना याचं उत्तर माहीत असतं, पण कट निवडताना ते विसरतात. नियम सोपा आहे: सगळ्यात आखूड लेयर रबरबँडपर्यंत पोचली पाहिजे. समोरची एक बट हातात धरून मागे मानेपर्यंत न्या. ती तिथवर पोचणार नाही इतकी आखूड लेयर कापली की दिवसभर तोंडावर केस येणार आणि शेवटी बारा पिना लावाव्या लागणार.

आणि देखभाल. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. हे कमी वाटतं, पण मशीनने ३ मिलिमीटरवर आणलेल्या बाजूंवर तीन आठवड्यांत केस तिप्पट लांब होतात. म्हणून फेड (खाली अगदी बारीक, वर हळूहळू लांब होत जाणाऱ्या बाजू) ठेवायचा तर दर दोन-तीन आठवड्यांनी सलून. बॉयकटला महिना-दीड महिना. बॉबला दीड-दोन महिने. खांद्याखालच्या लांब लेयर्सला तीन महिने चालतात. वर्षाचा खर्च आणि रविवारच्या रांगा यात धरा.

तपासून पाहा: घरात लग्न ठरलंय का? नऊवारी, खोपा, अंबाडा ठरला असेल तर केस आखूड करण्याआधी केशरचना करणाऱ्या ताईंना विचारा. गंगावन लावलं तरी ते अडकवायला स्वतःचे केस पुरेसे लागतात. आणि कुठल्याही समारंभाच्या आदल्या आठवड्यात नवा कट करू नका. तीन आठवडे आधी करा, तेवढ्यात तो जरा वाढून बसतो आणि चूक असलीच तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

टप्पा ३: चेहरा, पण थोडक्यात

सेल्फीवरून चेहऱ्याचा आकार ठरवू नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे जातात, म्हणून चेहरा आहे त्याहून निमुळता दिसतो. मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या, मागचा कॅमेरा वापरा, दीड-दोन मीटरवर उभं राहायला सांगा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. केस पूर्ण मागे बांधा. हसू नका, हसलं की गाल रुंद होतात. एक फोटो समोरून, एक बाजूने.

टेपने चार मापं घ्या: कपाळाची सगळ्यात रुंद जागा, गालाच्या हाडांची रुंदी, जबड्याची रुंदी आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीच्या टोकापर्यंतची लांबी. मग गोल, लंबगोल, चौकोनी, बदामी, हिऱ्यासारखा अशा सहा-सात नावांत स्वतःला बसवायची धडपड नको. बहुतेक चेहरे मिश्रच असतात. दोनच प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा:

१. लांबी रुंदीच्या बरोबरीची आहे, थोडी जास्त आहे, की दीडपटीच्या पुढे गेली आहे?
२. सगळ्यात रुंद काय आहे: कपाळ, गाल की जबडा?

इंटरनेटवर सव्वादोन इंचांचा नियम फिरतो. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी उभी खाली सोडायची आणि पाळीपासून पेन्सिलीपर्यंत किती भरतं ते बघायचं. सव्वादोन इंचांपेक्षा कमी भरलं तर आखूड केस शोभतात म्हणे. हा जबड्याच्या कोनाचा अंदाज आहे, त्यापलीकडे काही नाही. करून बघायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर वीतभर केस कापू नका.

टप्पा ४: रेषा कुठे पाडायची

केस जिथे संपतात तिथे बघणाऱ्याची नजर आडवी थांबते. बॉबचं टोक, बँग्जची कड, फेड जिथे सुरू होतो ती जागा, दाढीची खालची कड, या सगळ्या आडव्या रेषाच. जे रुंद दिसायला नको तिथे रेषा पाडू नका. जे भरलेलं दिसायला हवं तिथे पाडा. तक्त्यांमधले सगळे सल्ले यातूनच निघतात.

लांबी आणि रुंदी सारखी, गाल भरलेले: गालावर किंवा बरोबर हनुवटीशी संपणारा बॉब टाळा. हनुवटीच्या खाली तीन-चार बोटं जाऊ द्या. पहिली लेयर हनुवटीखाली सुरू करा. भांग मधोमध न पाडता जरा बाजूला. सरळ कापलेली जाड बँग्ज चेहरा वरून आखूड करते, ती नको.

चेहरा लांबट: इथे बँग्ज कामाला येते. साधना कट आठवा, अभिनेत्री साधनाचं मोठं कपाळ झाकायलाच तो केला गेला होता. लांबट चेहऱ्याला हनुवटी ते खांदा या पट्ट्यात थोडा फुगवटा हवा. मधला भांग आणि कंबरेपर्यंत सरळ सोडलेले केस चेहरा आणखी ओढतात.

जबडा रुंद: टोकं जबड्याच्या रेषेवर थांबवू नका, वर थांबवा किंवा चांगली खाली न्या. चेहऱ्याजवळच्या बटा मऊ, तिरक्या कापून घ्या. मधून उघडणारी पडद्यासारखी बँग्ज इथे जमते. पण मोठा जबडा लपवायलाच हवा असं काही नाही. कित्येकांच्या चेहऱ्याचा तोच देखणा भाग असतो, आणि तसं वाटत असेल तर बेधडक बॉयकट करा.

कपाळ रुंद, हनुवटी निमुळती: भरलेपणा खाली हवा. हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये संपणारे केस आणि बाजूला वळणारी बँग्ज. वर उंची देऊ नका.

गालाची हाडं रुंद, कपाळ-हनुवटी अरुंद: केस कानामागे घेता येतील असा कट ठेवा, गालांपाशी फुगवटा नको.

पुरुषांसाठी गणित तेच, फक्त रेषा बाजूंना असते. गोल चेहऱ्याला बाजू आखूड आणि वर थोडी उंची. लांबट चेहऱ्याला हाय फेड करूच नका. बाजू सोलल्या आणि वर झुपका ठेवला की चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांब दिसतो. लो फेड किंवा कात्रीने कापलेल्या बाजू ठेवा, केस कपाळावर थोडे येऊ द्या. दाढी ठेवत असाल तर दाढीसकट चेहरा मोजा, कारण हनुवटीखालच्या दोन सेंटिमीटर दाढीने गोल चेहरा लंबगोल होतो. दाढी आणि कल्ले जिथे मिळतात तिथे मशीनची उतरण सलग हवी, मध्ये पायरी नको.

कपाळाचे कोपरे मागे सरकायला लागले असतील तर ते झाकायला वरचे केस वाढवू नका. लांब केस वजनाने फाटतात आणि मधली टाळू जास्त दिसते. बाजू बारीक करा, वरचे केस आखूड आणि पुढे विस्कटलेले ठेवा. मागे भोवऱ्यापाशी केस उभे राहत असतील तर मधली लांबी टाळा: एकतर अगदी बारीक, नाहीतर पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे ते आपल्या वजनाने खाली बसतात.

चष्मा असेल तर बँग्ज फ्रेमच्या वरच्या कडेवर टेकता कामा नये. एकतर भुवईच्या वर थांबवा, नाहीतर बाजूला वळवा. कपाळाच्या रेषेवर भोवरा असेल तर सरळ बँग्ज विसरा. ती दुपारपर्यंत मधून फाटते, कितीही सीरम लावा.

सावधान: भुवईपर्यंत कापलेली बँग्ज हनुवटीपर्यंत परत यायला जवळपास वर्ष लागतं. मनात शंका असेल तर आधी नाकाच्या टोकापर्यंत कापून घ्या, दोन आठवडे वापरा, मग हवी तर आणखी आखूड करा.

टप्पा ५: आता फोटो शोधा

आधीच्या चार टप्प्यांनी बरेच कट बाद झालेले असतील. उरलेल्यांचे दोन-तीन फोटो जमवा. त्यात बघायच्या गोष्टी:

फोटोतल्या व्यक्तीच्या केसांचं वळण आणि दाटपणा तुमच्यासारखा आहे का? चेहरा वेगळा असला तरी चालेल, केस वेगळे असले तर चालणार नाही.

केसांचा रंग कोणता? सोनेरी किंवा हायलाइट केलेल्या केसांत प्रत्येक लेयर सुटी दिसते. तोच कट काळ्याभोर केसांवर केला तर लेयर्स मिसळून जातात आणि "काहीच कापलं नाही" असं वाटतं. शक्यतो काळ्या केसांचेच फोटो घ्या.

केस नुकतेच आयर्न किंवा कर्ल केलेले आहेत का? फोटोतले मऊ वळसे बहुधा मशीनचे असतात. ते कापून मिळत नाहीत.

मागून आणि बाजूने फोटो आहे का? समोरून सारखे दिसणारे यू कट आणि स्टेपकट मागून पूर्ण वेगळे असतात. सेल्फीवर नवे केस चिकटवून दाखवणारी अॅप्स लांबीचा अंदाज घ्यायला बरी, पण ती विरळ टाळूवरही घनदाट केस बसवतात. त्यांच्यावर निर्णय सोडू नका.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, ठाण्याहून लोकलने जाणारी पंचविशीतली मुलगी. केस नागमोडी, बारीक, पोनीचा घेर ७ सेंटिमीटर, म्हणजे मध्यम. ब्लोअर नाही. चेहरा गोल. तिला आवडलाय गालावर संपणारा काटकोनी बॉब. टप्पा एकमध्ये वळण आडवं येतं, दोनमध्ये दमट हवा आणि ब्लोअरचा अभाव, चारमध्ये गाल. त्याऐवजी कॉलरबोनपर्यंत, खालची कड बऱ्यापैकी बोथट, पुढे हनुवटीखाली सुरू होणाऱ्या दोन लेयर्स, भांग बाजूला. आपोआप वाळल्यावर वळण दिसेल, गर्दीत क्लचर लावता येईल. तिला बॉबमध्ये 'आखूड आणि मोकळं' हवं होतं, ते मिळालं. आवडलेल्या कटमध्ये नेमकं काय आवडलं हे असं वेगळं काढता आलं की पर्याय सापडतो.

टप्पा ६: खुर्चीत बसल्यावर

जाताना केस आदल्या दिवशी धुतलेले, तेलाशिवाय, आणि रोज जसे ठेवता तसेच हवेत. तेल थापलेल्या केसांचं वळण कुणालाच दिसत नाही. कुरळे केस असतील तर विंचरून फुगवून नका जाऊ, नैसर्गिक बटांत मोकळे ठेवा. बंद गळ्याचा कुर्ता किंवा कॉलरचा शर्ट टाळा, मानेची रेषा झाकली जाते. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दुपारी जा. रविवारी सकाळी रांगेतल्या सहाव्या माणसाला कुणीच निवांत वेळ देत नाही.

पाणी मारण्याआधी बोला. केस ओले झाले की वळण लपतं. या क्रमाने सांगा: शेवटचा कट कधी केला, स्मूदनिंग किंवा कलर केलाय का, भोवरे कुठे आहेत, रोज केस बांधता का, सकाळी किती वेळ असतो. मग फोटो दाखवा, आणि त्यातलं काय हवं, काय नको तेही.

लांबीबद्दल बोलताना 'काढा' आणि 'ठेवा' यांत घोळ होतो. "तीन इंच" एवढंच म्हणालात तर तुम्ही तीन इंच कापायला सांगताय की तीन इंच ठेवायला? "थोडेसे कापा" तर त्याहून वाईट, कारण थोडेसे म्हणजे किती हे प्रत्येक कात्रीचं वेगळं असतं. स्वतःच्या बोटाने जागा दाखवा: "वाळल्यावर टोक इथे यायला हवं." 'वाळल्यावर' हा शब्द मुद्दाम म्हणा. कुरळे केस असतील तर कोरड्या केसांवर कापणार का ते विचारा. नाही म्हणाले, तर निदान ठरल्यापेक्षा दोन-तीन बोटं लांब कापायला सांगा, उरलेलं वाळल्यावर.

मशीनच्या नंबरचाही गोंधळ होतो. साधारणपणे एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साडेनऊ, चार म्हणजे १३. सगळ्या मशीनचं माप अगदी एक नसतं. नवीन सलूनमध्ये पहिल्या वेळी एक नंबर वरचाच सांगा, कमी करणं पाच मिनिटांचं काम आहे.

दातेरी कात्री पुढे आली की थांबवून विचारा, ही कशासाठी? राठ, दाट, सरळ केसांत ती वजन हलकं करते. कुरळ्या आणि बारीक केसांत तीच कात्री आत आखूड केसांची खुंटं तयार करते. ती वाढताना वरच्या केसांना ढकलतात आणि महिनाभर केस पिंजल्यासारखे दिसतात. अशा केसांवर वस्तराही नको.

कापत असताना सरळ बसा. पायावर पाय टाकला की खांदे कलतात आणि खालची रेषा तिरकी येते. मोबाइल खिशात ठेवा. मान खाली घालून रील बघणाऱ्यांच्या मागच्या केसांची लांबी हमखास चुकते, आणि त्यात कापणाऱ्याचा दोष नसतो.

उठण्याआधी तपासा:
- केस पूर्ण वाळवून घ्या, शक्यतो गोल ब्रश न वापरता. ब्रशने दिलेला आकार तुमचा नाही.
- कानाजवळची एकेक बट दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली ओढून बघा, लांबी सारखी हवी.
- डोकं झटका. कुठे पायरी किंवा एखादी लांब राहिलेली बट दिसते का?
- मागे आरसा धरायला सांगा आणि मानेची रेषा बघा.
- चष्मा घाला. भांग नेहमीच्या जागी पाडा.
- केस बांधत असाल तर तिथेच एकदा बांधून बघा.

काही खटकलं तर तिथेच, शांतपणे, जागा दाखवून सांगा. "बरोबर नाही वाटत" यापेक्षा "डाव्या कानामागे जाड राहिलंय" यावर लगेच काम होतं.

टप्पा ७: पहिला आठवडा

दोन वेळा स्वतः धुऊन, स्वतः वाळवून मगच मत बनवा. जुन्या भांगाच्या सवयीने केस आधी वेडेवाकडे पडतात, चार-पाच दिवसांत बसतात. पहिल्या रात्री नाराज होऊन घरच्या कात्रीने बँग्ज 'सारखी' करायला जाऊ नका. ओल्या केसांवर, आरशात उलट दिसणाऱ्या हाताने केलेली ही दुरुस्ती सलूनलाही सावरता येत नाही.

आठवडा झाला तरी त्रास होत असेल तर त्याच सलूनमध्ये परत जा. बरीच सलून्स आठवडाभरात छोटी दुरुस्ती पैसे न घेता करून देतात. जाताना केस स्वतः वाळवलेलेच ठेवा, म्हणजे घरी काय होतं ते त्यांना दिसेल.

कट फारच आखूड झाला असेल तर दर महिन्याला एक सेंटिमीटर एवढाच हिशेब आहे, कुठल्याही तेलाने तो दुप्पट होत नाही. तोपर्यंत बाजूच्या आणि मानेवरच्या केसांना दर दोन महिन्यांनी हलकी कात्री लावत राहा, वरचे केस वाढू द्या. सगळं एकदम वाढवायला गेलं की मानेवर शेपटी आणि कानांवर पंखे तयार होतात.

आणि कट जमला असेल, तर दुसऱ्याच दिवशी आहे तसाच, न विंचरता, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून त्याचे फोटो काढून ठेवा. कापणाऱ्याचं नाव आणि मशीनचा नंबर त्याच फोटोखाली लिहा. पुढच्या वेळी नट-नट्यांचे फोटो शोधत बसायची गरज नाही, हेच चार दाखवा.